जोयड्याचे रान आणि एक आभासी पायवाट

उत्तर कन्नड जिल्ह्याचा, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या कारवार जिल्ह्याचा, नकाशा उघडला म्हणजे त्याच्या वायव्य कोपऱ्यात गर्द हिरव्या रंगाचा एक मोठा पट्टा नजरेस पडतो. तोच जोयडा तालुका. पश्चिमेस गोव्याची सीमा, उत्तरेस बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, दक्षिणेस कारवारकडे उतरणारा अणशी घाट आणि मध्ये काळी नदीचे अफाट पाणी. विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ आणि बसगाड्यांच्या बाबतीत अत्यंत कृपण असा हा मुलूख आहे. १८६२ साली हा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तेथेच राहिला. त्यामुळे येथील बाजारात कोकणी, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषा एकाच वाक्यात सुखाने नांदताना ऐकू येतात.

या तालुक्याचे जुने नाव सुपे. सुपे हे गाव काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले होते. ‘होते’ असेच म्हणावयाचे, कारण ते आज पाण्याखाली आहे. गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पूर्ण झाले, सुप्याचा बाजार आणि घरेदारे जलाशयात गेली, तालुक्याची कचेरी जोयड्यास आली आणि विस्थापितांची मोठी वसाहत रामनगर येथे उभी राहिली. दिग्गीच्या डोंगरात उगम पावून सुमारे १८४ किलोमीटरांचा प्रवास करून कारवारजवळ समुद्रास मिळणारी ही नदी साऱ्या राज्याला वीज देते. ती वीज आमच्या गावी मात्र पावसाळ्यात पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखीच निघून जाते. असो.

या रानाविषयी लिहिण्यास यंदा एक वेगळेच निमित्त घडले. आमच्या शाळेतून सातवी उत्तीर्ण होऊन पुढे शहरात अभियांत्रिकी शिकणारा एक विद्यार्थी जानेवारीत आपल्या तीन सहाध्यायांसह आमच्याकडे आला. दोन मुलगे आणि दोन मुली असा हा चमू. त्यांना शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून एक खेळ तयार करावयाचा होता. डोळ्यांवर चष्म्यासारखे यंत्र चढवावे, आपण घनदाट अरण्यात एकटे आहोत असे दिसावे, आणि वाट शोधत, पाणी व अन्न मिळवत, तीन दिवसांत सुखरूप बाहेर पडावे, असा तो खेळ. मुदत सहा आठवड्यांची. त्यांपैकी चार दिवस त्यांनी जोयड्यासाठी राखून ठेवले होते. “गुरुजी, रान दाखवा,” एवढीच त्यांची मागणी होती.

या विद्येला ‘आभासी वास्तव’ म्हणतात. मुले तिला ‘व्हीआर’ म्हणतात. ती वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ च्या सुमारास डोक्यावर चढवावयाचे असे एक यंत्र सिद्ध केले होते. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. दोन डोळ्यांना किंचित भिन्न अशी दोन चित्रे दाखवावयाची आणि मान वळेल तशी ती चित्रे वळवावयाची, हे तिचे मूळ सूत्र तेव्हापासून आजतागायत कायम आहे. २०१२ नंतर ही यंत्रे हलकी आणि स्वस्त होत गेली. खेळ तयार करण्याची कलाही आता आपल्याकडे रुजली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली जगभर गेला, हे वाचकांपैकी तरुणांस ठाऊक असेलच. घाईचे म्हणाल, तर तीही या व्यवसायाची जुनी सोबतीण आहे. २००९ पासून ‘ग्लोबल गेम जॅम’ नावाचा उपक्रम जगभरच्या शहरांत भरतो. त्यात मुळात अठ्ठेचाळीस तासांत खेळ पुरा करावयाचा असे. आपल्याकडील एकांकिका स्पर्धांत भाग घेतलेल्यांना या घाईचे मर्म सांगावयास नको. तासाभरात पडदा पडणार हे ठरले, की लेखकाला आपले सर्वांत लाडके प्रवेश कापावे लागतात. आणि काय कापले यावरूनच त्याची पारख होते.

पहिल्या दिवशी आम्ही मंडळींना उळवीच्या वाटेने नेले. उळवी हे लिंगायत समाजाचे मोठे तीर्थ. बाराव्या शतकात कल्याणात उत्पात झाला तेव्हा बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा शरणांसह या रानात आले आणि येथेच त्यांनी समाधी घेतली. माघात तेथे मोठी जत्रा भरते, आणि दूरदूरच्या सपाट मुलखातून बैलगाड्या या घाटरस्त्यांनी येतात. मुलांना आम्ही एवढेच सांगितले, की ज्या रानात तुम्ही खेळणाऱ्याला जीव वाचविण्यासाठी धडपडावयास लावणार आहात, त्या रानात आठशे वर्षांपूर्वी माणसे जीव वाचविण्यासाठीच आली होती. रानाने त्यांना मारले नाही, लपविले.

मुलांच्या वहीत मात्र निराळीच यादी होती. वाघ, काळा बिबट्या, अस्वल, नागराज, दरी, पूर, अंधार. यांतील एकही गोष्ट खोटी नाही. १९५६ चे दांडेली अभयारण्य आणि १९८७ चे अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली येथे व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून तो काळी नदीच्या नावाने ओळखला जातो. काळ्या बिबट्यासाठी तर हे रान प्रसिद्धच आहे. तथापि येथे जन्म काढलेल्या माणसाला भीती कशाची वाटते असे विचाराल, तर तो वाघाचे नाव सहसा घेणार नाही. तो पावसाळ्यातील जळवांविषयी बोलेल, फुगलेल्या ओढ्याविषयी बोलेल, आणि गोचिडीविषयी बोलेल. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडीच्या चाव्यातूनच माणसाला होतो. रानात माकड मेलेले दिसले तर त्या बाजूस जाऊ नये, हे येथील लहान पोरालाही कळते. वाघापेक्षा गोचीड मोठी, हा रानाचा पहिला धडा मुलांनी त्या दिवशी लिहून घेतला.

दुसरा दिवस कुणब्यांच्या एका वाडीवर गेला. जोयड्याचे कुणबी ही या मुलखाची खरी ओळख. डोंगरउतारावरची चार-सहा घरे, पुढे भाताचे खाचर, मागे परसू, आणि परसात कंदांचे असे वैभव, की शहरातील भाजीबाजाराने मान खाली घालावी. मुडली, कणगी, करांदे, सुरण अशी किती नावे सांगावीत! हिवाळा हा कंद काढण्याचा काळ. अलीकडे जोयड्यात कंदमुळांचा मेळाही भरतो आणि तो पाहावयास गोवा-बेळगावहून मंडळी येतात. त्या वाडीतील एका आजींनी मुलांसमोर दोन करांदे ठेवले. दिसावयास जवळजवळ सारखेच. एक उकडून खाता येतो. दुसरा कडू, तो राखेच्या पाण्यात उकडल्याशिवाय तोंडात घालवत नाही. सुरणाचेही तसेच. चिंच-कोकमाची आंबट जोड नसेल तर घशाला खाज सुटलीच म्हणून समजावे. मुलांच्या खेळात ‘कंद सापडला, भूक भागली’ असा सरळ हिशेब होता. आजी हसून म्हणाल्या, “सापडला म्हणजे अन्न झाले काय रे बाळा? शिजवायचे कोणी?”

वाडीतील एक वृद्ध गृहस्थ आमच्यासोबत ओढ्यापर्यंत आले. त्यांनी उक्षीची वेल दाखविली. ऐन उन्हाळ्यात झरे आटले म्हणजे या वेलीचा जाड दांडा तोडला की त्यातून पाणी ठिबकते. सह्याद्रीत कित्येकांची तहान तिने भागविली आहे. खडबडीत सालीच्या ऐनाच्या झाडाविषयीही तसेच सांगतात. त्याच्या खोडात पाणी साठते. आमच्या चमूतील मुलीने चित्रीकरणाचे यंत्र सरसावून विनंती केली, “आजोबा, तोडून दाखवता का?” वृद्धाने नकारार्थी मान हलविली. “तहान लागली नसताना वेल कशाला तोडायची?” हे वाक्य तिने जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले, आणि खेळात त्याचा नियमच झाला. वेल एकदाच तोडता येते. तहान नसताना तोडली, तर पुढे गरज पडेल तेव्हा ती तेथे नसते.

तिसऱ्या दिवशी कॅसलरॉक. १८८८ साली येथे पोर्तुगीज हद्दीतून मुरगाव बंदराची रेल्वे येऊन भिडली आणि हे चिमुकले स्थानक दोन साम्राज्यांचे जकातनाके बनले. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि नाक्याचे प्रयोजन संपले. आता धुक्यात उभी राहणारी गाडी आणि गरम चहा एवढेच वैभव उरले आहे. येथून रुळांवरून चालत दूधसागर गाठण्याचा मोह अनेकांना होतो. रेल्वेने त्यास सक्त मनाई केली आहे आणि ती रास्त आहे; बोगद्यात गाडी आली म्हणजे पळावयास जागा नसते.

येथेच सायंकाळी चकव्याची गोष्ट निघाली. रानात वाट चुकलेला माणूस फिरून फिरून त्याच झाडाशी येतो, त्याला आपण ‘चकवा लागला’ म्हणतो. मुलांना ही भुताची गोष्ट वाटली. वस्तुतः २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सोडून त्यांच्या चालीची नोंद ठेवली. तेव्हा सूर्य वा चंद्र दिसेनासा झाला की सरळ चालतो असे वाटणारी माणसे खरोखरच गोल फिरू लागतात, असे आढळले. आमच्या रानात भर दुपारी सूर्य दिसेल अशा जागा मोजक्याच. मग चकवा लागला तर काय करावे? जुनी माणसे सांगत, खाली बसावे, पान खावे, उजाडेपर्यंत हलू नये. आजचे गिर्यारोहणाचे शिक्षकही हेच शिकवितात. वाट चुकली की प्रथम थांबा, मग विचार करा. डोक्यावरच्या यंत्राला आपली उंची कळते, म्हणजे खेळणारा खरोखर खाली बसला तर ते यंत्रास समजते, असे आमच्या विद्यार्थ्याने सांगितले आणि दुसऱ्याच क्षणी तो ताडकन उभा राहिला. चकवा खेळात आला तो असा. खेळणारा धावत सुटला की वाटा गोल होऊ लागतात. तो जमिनीवर बसला आणि घटकाभर शांत राहिला की पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. यास एकही नवे चित्र काढावे लागत नव्हते, हा मुदतीच्या दृष्टीने मोठाच लाभ होता.

चौथा दिवस गणेशगुडीच्या जलाशयाकाठी आणि रामनगरात गेला. तेथील एक वयोवृद्ध सुपेकर मुलांचा उद्योग ऐकून बराच वेळ स्वस्थ बसले. मग त्यांनी विचारले, “या चष्म्यातून आमचा सुप्याचा बाजार दाखवता येईल काय?” मुलांनी एकमेकांकडे पाहिले. दाखवता येईल, पण जुनी छायाचित्रे हवीत, घरांची मापे हवीत, आणि महिने हवेत. त्यांच्याजवळ आठवडे होते. त्यांनी थापा मारल्या नाहीत, याचे आम्हांस समाधान वाटले. त्यांनी म्हाताऱ्यांकडून बाजाराची आळी, देऊळ, नदीचा उतार हे सारे तोंडी सांगवून घेतले आणि ध्वनिमुद्रित करून ठेवले.

शहरात परतल्यावर खरी कसोटी सुरू झाली. तिची हकीकत आमचा विद्यार्थी रोज रात्री दूरध्वनीवरून सांगे. या यंत्राला सेकंदास निदान ७२ चित्रे लागतात. म्हणजे एका चित्रास चौदा सहस्रांश सेकंदांहून कमी वेळ, आणि तेही दोन डोळ्यांसाठी. चित्रे रेंगाळली की खेळणाऱ्यास मळमळू लागते. मळमळीचे दुसरे कारण असे, की डोळे ‘चालतो आहे’ म्हणतात आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘जागीच उभा आहे’ म्हणते. त्यावर अनेक खेळांत खेळणाऱ्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम उडवितात. पण पायी भटकंतीच्या खेळात चालणेच काढून टाकले तर उरले काय? शेवटी दोन्ही हात चालल्यासारखे हलविले तरच पुढे जावे, अशी योजना त्यांनी केली. तिने मळमळ कमी झाली आणि चढावर दमही लागू लागला.

सर्वांत खर्चिक ठरली ती पाने. उघडे डोंगर स्वस्तात होतात. पण एकावर एक पानांचे थर रंगविताना यंत्र घायकुतीस येते. म्हणून दूरची झाडे नाटकाच्या मागील पडद्यासारखी सपाट केली आणि हाताशी येणारी तेवढीच खरी ठेवली. आणि मग, मुदतीस अडीच आठवडे उरले असता, मुलांनी ठरविले की रानातील माणसे काढून टाकावीत. एक माणूस चालता-बोलता करण्यास शंभर झाडांहून अधिक श्रम पडतात. कुणबी वाडी गेली, आजी गेल्या, गुराखी गेला. उरले ते निर्मनुष्य अरण्य.

येथे मात्र आम्ही आमचे मत स्पष्ट शब्दांत मांडले. माणसांवाचूनचे जोयडा ही केवळ चित्रातील उणीव नव्हे. ते असत्य आहे. आधी धरणाने माणसे हलली, मग अभयारण्याच्या सीमा आल्या, आता पुनर्वसनाच्या योजनेखाली काही कुटुंबे आपणहून रानाबाहेर पडत आहेत. मुलांचे शिक्षण आणि दवाखाना यांसाठी ती पडतात. त्यांना दोष देणे आम्हांस शोभणार नाही. पण आमच्या शाळेचा पट दरसाल आखडतो आहे, आणि करांद्याचे गोड-कडू ओळखणारी पोरे त्याहून वेगाने कमी होत आहेत. उद्या शहरातील मूल हा खेळ खेळेल आणि म्हणेल की येथे कधी कोणी राहतच नव्हते. “कापा,” आम्ही सांगितले, “पण माणसाची चाहूल कापू नका.”

मुलांनी त्यावर जो मार्ग काढला तो त्यांच्या बुद्धीचे चीज करणारा होता. माणूस दिसावयास महाग, ऐकावयास स्वस्त. वाडीवर ध्वनिमुद्रित केलेले सारे आवाज त्यांनी रानात पेरले. कोयत्याचा घाव, गुरांच्या गळ्यातील घंटा, कुत्र्याचे भुंकणे, पहाटेचा कोंबडा. आवाज कोणत्या दिशेने आणि किती लांबून येतो हे यंत्र दोन कानांत नेमके दाखविते. खेळणाऱ्याने त्या मागाने जावे. कंद सापडला की आजींचा आवाज येतो आणि तो कसा शिजवावा ते सांगतो. पडद्यावरील शब्दांसाठी त्यांनी आमची मदत मागितली. इन्व्हेंटरीची ‘शिदोरी’ झाली, शक्तीचा ‘दम’ झाला, मधल्या टप्प्यांचे ‘विसावे’ झाले. ‘गेम ओव्हर’ यावर बराच खल झाला आणि अखेर ‘वाट चुकली, पुन्हा निघू या’ हे शब्द कायम झाले.

मुदतीपूर्वी आठ दिवस चमू यंत्र घेऊन शाळेत आला. आमच्या मुलांनी रांगा लावल्या. शहरात ज्यांनी खेळ पाहिला होता ते सारे म्हणे वर, झाडांच्या शेंड्यांकडे पाहत. वाडीवरून चालत शाळेस येणारा सातवीतील एक मुलगा मात्र चष्मा चढविताच खाली वाकला आणि जमीन न्याहाळू लागला. तो जागचा हलेना. काय झाले म्हणून विचारता तो म्हणाला, “ही वाट नव्हे, गुरुजी. शेण कुठे आहे? गुरे जात नाहीत ती वाट गावाला जात नाही.” सारा वर्ग हसला, चमू हसला नाही. त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात बसून त्यांनी खऱ्या वाटेवर शेणाच्या पोवट्या टाकल्या, कडेच्या फांद्या कोयत्याने छाटल्यासारख्या केल्या, आणि फसव्या वाटा स्वच्छ ठेवल्या. रानाचा खरा नकाशा तो हाच, आणि तो एका सातवीच्या पोराकडून मिळाला.

खेळ वेळेवर सादर झाला. पावसाचा प्रवेश अर्धवट राहिला, रात्र केवळ एकच झाली, आणि काळा बिबट्या मुळी आलाच नाही. परीक्षकांनी गुण बरे दिले. तथापि आमच्या मते या उद्योगाची दोन फळे गुणांहून मोठी आहेत. वाडीतील आवाज आणि कंदांची माहिती यांची प्रत आता आमच्या शाळेत आहे आणि परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही ती मुलांना ऐकवितो. आणि रामनगरच्या वृद्धांनी सांगितलेला सुप्याचा बाजार मुद्रित स्वरूपात जपून ठेवला आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी सुप्याची जुनी छायाचित्रे, लग्नाचे फोटो, दुकानांच्या पावत्या असतील, त्यांनी त्या अडगळीत टाकू नयेत; पुढची एखादी तुकडी अधिक मोठी मुदत घेऊन येईल तेव्हा त्या लागतील. सांगणारी माणसे मात्र तोवर थांबतीलच असे नाही, म्हणून ती गोष्ट आजच लिहून ठेवावी.

ज्यांना हा प्रदेश प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी चार शब्द. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात अणशी घाटाचे रूप अलौकिक असते, पण जळवा आणि दरडी यांची तयारी ठेवावी. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून पायी शिरू नये. रामनगर आणि जोयडा येथे बस मिळते. पुढच्या प्रवासास वेळेचा हिशेब सैल ठेवावा. वाडीवर गेल्यास यजमान पुढे ठेवतील तो कंद आनंदाने खावा आणि तो कसा शिजविला हे आवर्जून विचारावे. आणि वाट चुकलीच, तर धावू नये. खाली बसावे, कान द्यावा, आणि जिकडे शेण पडलेले दिसेल तिकडे निघावे.